पणजीचे पाणी कुठे थांबते?

भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की पणजीच्या १८ जून रस्त्यावर पाणी चढते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कचेरी गाठताना दरवर्षी मनात येते, या पाण्याची जुनी वाट कुठली?

मुळात पणजी म्हणजे दलदल आणि माड. १६३३-३४ साली व्हाइसरॉय लिन्यारिशने रायबंदरकडे पूल बांधला तो खाजनावरून, पण पाण्यासाठी कमानी सोडून. पुढे दों मानुएल द पुर्तुगाल ई काश्त्रूच्या कारकिर्दीत (१८२७-३५) दलदली बुजवून रस्ते आखले गेले आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. उरली पूर्वेची ओरेंची खाडी आणि ताळगावच्या शेतांतून येऊन मांडवीला मिळणारी सांतइनेजची. आज तिच्या पुलावर नाकाला रुमाल लावूनच उभे राहावे लागते!

आपल्या खाजनवाल्यांना हे गणित पाठ होते. भरती आली की मानशीची दारे आपोआप मिटत. तोवर पावसाचे पाणी शेतांत आणि पोंयीत थांबे, ओहोटीला नदीत जाई. शहराने गटारे बांधली, पण भरती उतरेपर्यंत पाणी थांबायचे कुठे, ती जागाच आपण भरून टाकली.

दक्षिण कोरियातल्या सेऊलने २००५ मध्ये, वरचा उड्डाणरस्ता पाडून, गाडलेला चॉनग्येचॉन ओढा उघडा केला. तिथे बरेचसे पाणी पंपाने आणून सोडावे लागते. आमची सांतइनेजची खाडी मात्र बरीचशी उघडीच आहे, आणि मांडवीची भरती-ओहोटी तिला फुकट मिळते.