माशाच्या पोटातला पुरावा

मासा कापताना त्याच्या पोटात काय होतं, हे कोळणीला रोजच दिसतं. पण या दिसण्याचा 'पुरावा' केव्हा झाला? हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि थोडा तत्त्वज्ञानाचाही आहे.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करू. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्यानं प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कुठला मासा काय खातो याच्याही नोंदी आहेत. आपल्याकडच्या बोय माशाच्या कुळातल्या माशांबद्दल तो म्हणतो की हे मांस खात नाहीत. आधार दोन देतो. एक, त्यांच्या पोटात मांस कधी सापडलेलं नाही. दोन, त्यांना धरायला गळाला मांस लावत नाहीत, जवाच्या पिठाचा गोळा लावतात.

आता बघा, इथं दुसऱ्या आधाराची गरज काय होती? आपल्या मीमांसकांकडे याचं उत्तर आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेनं 'अनुपलब्धि' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. एखादी वस्तू दिसत नाही, यावरून ती नाही हे कळतं. पण एक अट आहे: ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. टेबलावर घागर दिसत नाही म्हणजे ती नाही, हे उजेडात म्हणता येतं, अंधारात नाही.

माशाचं पोट ही तशी अंधारी जागा. जेलीफिशसारखं मऊ अन्न लवकर विरघळतं. माखलीची चोच, माशांच्या कानातले खडे मात्र बराच काळ टिकतात. म्हणजे पोट उघडल्यावर जे दिसतं त्यात कठीण वस्तूंचं माप जास्त भरतं. शिवाय सूक्ष्मदर्शकाशिवाय बोयच्या पोटातला चिखल हा नुसता चिखलच वाटणार. त्यातल्या सूक्ष्म वनस्पती आणि बारीक जीव दिसणारच नाहीत.

उलटीही अडचण आहे. 'शाकुंतला'त रोहित माशाच्या पोटात अंगठी सापडते. म्हणून अंगठी हा काही त्याचा आहार नव्हे! पोटात असणं वेगळं, आहार असणं वेगळं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये स्टीफन फोर्ब्ज यांनी हे काम पद्धतशीरपणे केलं. त्यांनी हजाराहून अधिक माशांची पोटं तपासली. त्यातून 1887 साली त्यांनी 'तळं म्हणजे एक लहानसं विश्व' या अर्थाचं प्रसिद्ध व्याख्यान दिलं. म्हणणं असं की ब्लॅक बास हा एक मासा समजून घ्यायचा तर तो जे खातो ते, त्या खाद्याचं खाद्य आणि त्यात वाटेकरी असलेले इतर मासे, सगळंच पाहावं लागतं.

पुढचा प्रश्न मोजण्याचा. पोटात शंभर बारीक किडे आणि एक मासोळी निघाली, तर मुख्य अन्न कोणतं? संख्येनं किडे जिंकतात, आकारमानानं मासोळी. 1950 मध्ये हाइन्स यांनी स्टिकलबॅक माशांचा अभ्यास करताना या सगळ्या पद्धती तपासून पाहिल्या आणि आकारमानाच्या अंदाजानं गुण देण्याची पद्धत वापरली. उत्तर बरंचसं मोजणीच्या पद्धतीवर ठरतं, हे तेव्हापासून विसरता येत नाही.

हे सगळं आपल्या किनाऱ्यावर आणून पाहा. बोंबलाच्या पोटात जवळा भरपूर सापडतो, लहान बोंबीलही सापडतात. पण डोल जाळ्यात बोंबील आणि जवळा एकत्रच अडकतात. मग तो जवळा समुद्रात खाल्लेला, की जाळ्यात तोंडाशी आला म्हणून गिळलेला? अभ्यासकाला घास ताजा आहे की अर्धा पचलेला, हे पाहावंच लागतं.

आणि हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. जवळा आपणही धरतो, सुकवतो, विकतो. तो बोंबलाचं मुख्य अन्न असेल, तर जवळ्याची मासेमारी किती करायची हा निर्णय बोंबलाबद्दलचाही निर्णय होतो. त्यावर घरं चालतात. म्हणून अशा निष्कर्षाला ॲरिस्टॉटलसारखा दुसरा साक्षीदार लागतो. आज ते काम माशाच्या मांसातली नायट्रोजन आणि कार्बनची समस्थानिकं करतात, पोटातल्या अवशेषांचा डीएनए करतो. साक्षीदार बदलले आहेत, पण त्यांची गरज तीच आहे.