विक्रेत्याची नोटीस : शस्त्र कायद्यातील एका तरतुदीचा इतिहास

आपल्या महाविद्यालयांतून शस्त्र कायद्याचा इतिहास बहुधा एका वाक्यात उरकला जातो. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, १८७८ च्या मार्च महिन्यात, देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणि हिंदी माणसाला निःशस्त्र करणारा कायदा असे दोन कायदे पाठोपाठ आले, एवढे सांगून शिक्षक पुढच्या मुद्द्याकडे वळतात. हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. वृत्तपत्रांचा कायदा पुढे लॉर्ड रिपन यांच्या काळात रद्द झाला. शस्त्र कायदा मात्र ८० वर्षांहून अधिक काळ टिकला आणि स्वतंत्र भारताने त्याची जागा घेणारा कायदा केला तेव्हा त्याचा बराचसा सांगाडा कायम ठेवला. असे का झाले, याचे उत्तर शोधण्यासाठी प्रस्तुत लेखात त्या कायद्यातील एका लहानशा तरतुदीचा मागोवा घेतला आहे. शस्त्रांचा व्यापारी नसलेल्या साध्या गृहस्थाला स्वतःजवळचे पिस्तूल दुसऱ्या गृहस्थाला विकायचे असेल, तर कायदा त्याच्याकडून काय अपेक्षितो, हा या तरतुदीचा विषय आहे.

१८५७ ते १८७८

उठावाच्या धामधुमीतच, १८५७ च्या अठ्ठाविसाव्या कायद्याने, शस्त्रांची आयात, निर्मिती, विक्री आणि ती बाळगण्याचा हक्क यांवर सरकारने नियंत्रण आणले. सक्तीची पहिली झळ कोणाला बसली याचे उदाहरण बेळगावच्या वाचकांना दूर शोधावे लागत नाही. मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेडर लोकांनी हत्यारे जमा करण्यास नकार दिला. शिकार आणि शिबंदीची चाकरी यांवर ज्यांचे पोट होते, त्यांच्या दृष्टीने हत्यार म्हणजे उपजीविकेचे साधन होते. नोव्हेंबर १८५७ मध्ये कंपनीच्या फौजेने गावावर चाल केली, गाव जाळले आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना फाशी दिले. कन्नड लावण्यांतून हा प्रसंग आजही गायिला जातो.

पुढे १८६० च्या एकतिसाव्या कायद्याने ही व्यवस्था नव्याने बांधली आणि ठराविक प्रदेश निःशस्त्र करण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. १८७८ च्या अकराव्या कायद्याने परवान्याची पद्धत साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी कायमची केली. बंदूक किंवा पिस्तूल बाळगायचे तर परवाना हवा आणि विक्रीचा धंदा करायचा तर त्यासाठी वेगळा परवाना हवा, हे त्याचे मुख्य सूत्र होते. युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि सरकारने निवडलेले काही वर्ग यांना सूट होती. कूर्ग म्हणजे आजच्या कोडगूच्या लोकांना १८६१ पासून मिळालेली सूट तर आजही चालू आहे. २०१९ च्या अधिसूचनेने तिची मुदत २०२९ पर्यंत वाढवली आहे.

कलम ५ चा शेवटचा भाग

१८७८ च्या कायद्याचे कलम ५ धंदेवाईक विक्रेत्यांसाठी होते. पण त्याच्या शेवटी एक अपवाद जोडलेला होता. स्वतःच्या खाजगी वापरासाठी कायदेशीरपणे जवळ असलेले हत्यार कोणी विकत असेल, आणि घेणाऱ्याला ते बाळगण्याची कायद्याने मनाई नसेल, तर विक्रेत्याला परवान्याची गरज नाही. मात्र विक्री झाल्यावर, विनाकारण विलंब न लावता, जिल्हा मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला विक्रीची आणि घेणाऱ्याच्या नावपत्त्याची खबर द्यावी.

या तरतुदीत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, घेणारा सूट मिळालेल्या वर्गातला असेल तर खबर देण्याचीही गरज नव्हती. युरोपीय साहेबाला पिस्तूल विकणारा घरी स्वस्थ बसू शकत होता. तेच पिस्तूल साध्या हिंदी माणसाला विकणाऱ्याला मात्र ठाण्याची पायरी चढावी लागे. कायद्याचा अविश्वास नेमका कोणावर होता, हे यावरून स्पष्ट दिसते. दुसरी गोष्ट अशी की, खबर विक्रीनंतर द्यायची होती. सरकारला हत्यार कुठे गेले हे जाणून घ्यायचे होते, ते जाण्यापूर्वी अडवायचे नव्हते. अर्थात कलम २२ प्रमाणे, घेणाऱ्याला हत्यार बाळगण्याचा अधिकार आहे की नाही याची आधी खात्री न करता ते त्याच्या हाती देणे हा गुन्हा होता आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. म्हणजे घेणारा कोण हे पारखण्याचा भार कायद्याने प्रथमपासूनच विक्रेत्याच्या शिरावर ठेवला होता.

विरोध आणि त्याची मर्यादा

या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने लवकरच आवाज उठवला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात शस्त्र कायद्यात बदल करण्याची मागणी करणारा ठराव झाला. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी होते. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामचे एक संस्थापक म्हणून शिक्षणक्षेत्रात त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. प्रजा राजनिष्ठ असताना तिच्यावर हा अकारण डाग कशासाठी, असा त्या ठरावाचा आशय होता. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना गांधीजींनीही या कायद्याचा कडक शब्दांत निषेध केला. पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांत वंशभेदाचा भाग पुष्कळसा काढण्यात आला. १९२८ च्या नेहरू अहवालाने तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क म्हणून नोंदवला.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. या साऱ्या विरोधाचा रोख अपमानावर आणि भेदभावावर होता. शस्त्राचा व्यवहार कोणत्याही नोंदीशिवाय व्हावा, अशी मागणी या ठरावाची किंवा अहवालाची नव्हती. नेहरू अहवालातही ‘नियमांच्या अधीन’ ही अट होतीच.

संस्थानांच्या सीमा आणि ग्वाल्हेरचे पिस्तूल

१८७८ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. त्यामुळे बेळगाव मुंबई इलाख्यात असल्याने त्याच्या कक्षेत येत होते, तर ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा आणि हैदराबाद येथे त्या त्या दरबारचा अंमल होता. गोवा पोर्तुगीज सत्तेखाली होता. आज एकाच कायद्याखाली असलेल्या या मराठी वस्त्यांत त्या काळी पिस्तुलाच्या विक्रीचे नियम एक नव्हते. सीमा ओलांडली की हत्याराचा कागदोपत्री माग तुटण्याचा संभव होता.

ही विस्कळीत व्यवस्था किती महाग पडू शकते, हे जानेवारी १९४८ मध्ये दिसून आले. गांधीजींच्या हत्येचा २० जानेवारीचा प्रयत्न फसल्यावर नथुराम गोडसे आणि नारायण आपटे भरवशाच्या पिस्तुलाच्या शोधात ग्वाल्हेरला गेले. तेथे २८ जानेवारीला ६०६८२४ क्रमांकाचे बेरेटा पिस्तूल त्यांच्या हाती आले. ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींची हत्या झाली ती याच पिस्तुलाने. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयापुढे चाललेल्या खटल्यात, हे पिस्तूल ग्वाल्हेरहून दिल्लीला विनापरवाना आणल्याचा शस्त्र कायद्याखालील आरोपही होता. न्यायमूर्ती आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला. पिस्तूल मिळवून दिल्याचा ज्यांच्यावर आरोप होता, ते ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे खालच्या न्यायालयात दोषी ठरले, पण अपिलात पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. म्हणून येथे कोणा एका व्यक्तीवर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. मुद्दा एवढाच की, हातातून हातात गेलेल्या एका पिस्तुलाला, घेतल्यापासून देशाचा इतिहास बदलेपर्यंत, केवळ दोन दिवस पुरले.

या घटनेनंतर दहा महिन्यांनी, डिसेंबर १९४८ मध्ये, घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. ती मान्य झाली नाही. उलट शांततेने आणि ‘विनाशस्त्र’ जमण्याचा हक्क तेवढा घटनेत आला. पारतंत्र्यात जी मागणी स्वाभिमानाची वाटत होती, तिच्याकडे आता देशाला वेगळ्या नजरेने पाहावे लागत होते.

१९५९ चा कायदा : आधी खबर, मग विक्री

नव्या शस्त्र कायद्याला डिसेंबर १९५९ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. तो संपूर्ण भारतासाठी आहे. खाजगी विक्रीची जुनी तरतूद याही कायद्याच्या कलम ५ मध्येच आहे. पण तिच्या आजच्या रूपात एक महत्त्वाचा फरक पडलेला दिसतो.

आजही खाजगी वापरासाठी कायदेशीरपणे जवळ असलेले पिस्तूल विकण्यास विक्रीच्या परवान्याची गरज नाही. मात्र घेणाऱ्याला ते बाळगण्याचा कायदेशीर अधिकार हवा. म्हणजे त्याच्याकडे परवाना हवा, त्याचे वय २१ वर्षे पूर्ण असावे आणि तो कायद्याने अपात्र ठरवलेल्यांपैकी नसावा. विक्रेत्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी यांना, विकण्याचा आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता, लेखी कळवावे लागते. हैदराबाद किंवा वडोदरा यांसारख्या शहरांत जिथे पोलीस आयुक्त आहेत, तिथे या कायद्यापुरते तेच जिल्हा दंडाधिकारी समजले जातात. खबर दिल्यापासून किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय हत्यार हस्तांतरित करता येत नाही. विक्री आणि हस्तांतर हे दोन्ही शब्द कायद्यात असल्याने, पैसे न घेता मित्राला दिलेले पिस्तूलही यातून सुटत नाही.

१८७८ च्या विक्रेत्याने विकल्यावर खबर द्यायची. आजच्या विक्रेत्याने आधी खबर द्यायची आणि मग थांबायचे. पूर्वीची खबर नोंदीपुरती होती. आजच्या खबरेने प्रशासनाला चौकशीसाठी अवधी मिळतो. घेणारा कोणत्या वर्गाचा किंवा वंशाचा, यावर ही अट आता सैल होत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने ही चौकट आणखी कडक केली. एका व्यक्तीजवळच्या बंदुका-पिस्तुलांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि जादा हत्यार जमा करण्यास एक वर्षाची मुदत देण्यात आली. कलम ५ चे उल्लंघन करून विकणाऱ्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत झाली. १८७८ मध्ये पाचशे रुपयांच्या दंडावर सुटू शकणारी बेपर्वाई आता माणसाचे आयुष्य खर्ची घालू शकते.

घरातले जुने हत्यार

संस्थानी नोकरीची परंपरा असलेल्या घरांत हा विषय निराळ्या वाटेने येतो. आजोबांचे रिव्हॉल्व्हर कपाटात असते, परवाना त्यांच्या नावावर असतो आणि ते निवर्तलेले असतात. अशा वेळी वारसांना वाटते की वस्तू आपली, तर विकण्याचा हक्कही आपला. कायदा तसे मानत नाही. परवानाधारक गेल्यावर ते हत्यार बाळगणे नियमित राहत नाही. कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. त्यानंतर वारसाला स्वतःच्या नावे परवाना मिळवून ते परत घेता येते, किंवा पात्र व्यक्तीला विकण्याची व्यवस्था करता येते. दोनची मर्यादा वारशाने आलेल्या हत्यारांनाही लागू आहे. मालकी आणि ताबा या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे विद्यार्थ्यांना पटवून देण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

समारोप

नियम कितीही चोख असले तरी चोरून व्यवहार करणारा ठाण्यात खबर द्यायला जात नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. १९४८ चे पिस्तूल ४५ दिवसांच्या अटीने थांबले असते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु अशा नियमाचा खरा उपयोग प्रामाणिक माणसासाठी असतो. ओळखीचा, नात्यातला, घाईत असलेला गिऱ्हाईक दारात उभा असताना ‘नाही’ म्हणण्याचे कारण आणि बळ हा नियम त्याला देतो. शिवाय हत्याराची वाट कागदावर राहिली तर ते पुढे कुठे निघाले तरी मागे जाता येते.

परकीय सत्तेने अविश्वासापोटी लिहिलेली एक ओळ स्वतंत्र देशाने टाकून दिली नाही. तिच्यातला वंशभेद काढला, क्रम बदलला आणि ती सर्वांना सारखी लागू केली. वसाहतकालीन कायद्यांचा विचार करताना कायदा कोणी केला एवढेच पाहून भागत नाही. त्यातले काय आपण ठेवले आणि का ठेवले, हेही तपासावे लागते. वर्गात १८७८ आणि १९५९ या दोन्ही कायद्यांचे कलम ५ शेजारीशेजारी ठेवून वाचून घेतले, तर ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानात येईल.