जीपगाडीत कोण बसलं?

ही आमच्या गटाची गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. हप्ते जमा झाले, कर्जाची वही मिटली आणि सहलीचा विषय निघाला. देवदर्शन सोडून दुसरीकडं जायचं म्हटलं की आपल्यात लगेच दोन तट पडतात, तसे पडलेच. शेवटी ठरलं, समुद्र बघायचा. बारा जणींपैकी सात जणींनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. एक ट्रॅक्स भाड्यानं ठरवली. तिघी-चौघींची दाटी होत होती. गटातल्या एका ताईंचा मुलगा गॅरेज चालवतो. त्यानं एक जुनी जीप घेऊन दोन वर्षं खपून उभी केलीय. तो म्हणाला, "चौघी माझ्या गाडीत या." तरण्या पोरी उड्या मारायला लागल्या. आमच्या गटात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत. त्या म्हणाल्या, "मी ट्रॅक्समधी बसंल. जीपगाडीत न्हाय बसायची."

कारण काही सांगितलं नाही. ते मला श्रीवर्धनला कळलं. पण त्याआधी ही जीप आपल्याकडं आली कुठून, ते सांगते. सहलीवरून आल्यावर मी त्याच्याच मागं लागले होते.

जीप ही लढाईची पैदास. दुसरं महायुद्ध चालू होतं. 1940 साली अमेरिकेच्या लष्कराला चिखलात, वाळूत, डोंगरात कुठंही जाईल अशी हलकी गाडी हवी होती. त्यांनी शंभरावर कंपन्यांना विचारलं आणि नमुन्यासाठी मुदत दिली 49 दिवसांची. बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीनं ती पाळली. पण एवढ्या गाड्या बनवण्याची तिची ऐपत नव्हती, म्हणून मोठं काम विलीज आणि फोर्ड या कंपन्यांना मिळालं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपगाड्या तयार झाल्या. नमुना पहिला दिला तिच्या वाट्याला थोडंच आलं. आपल्या लोणच्या-पापडाच्या धंद्यातही हे आपण बघतोच.

या गाडीची खुबी एवढीच, की साध्या गाडीत इंजिनचा जोर दोन चाकांना मिळतो, हिच्यात दांडा ओढला की चारही चाकांना. दोन बैलांनी रुतलेली गाडी चार बैल जुंपल्यावर निघते, तसं. काच पुढं आडवी पाडता येते, वर ताडपत्री, बाजू उघड्या.

आपल्या देशात ती आणली महिंद्रांनी. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा या भावांनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 1945 साली कंपनी काढली, तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. धंदा होता पोलादाचा. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढं गव्हर्नर जनरलही. इकडं 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. 1949 साली मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात झाली. पुढं गाडी इथंच बनायला लागली. 1965 च्या लढाईत अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानचे रणगाडे फोडले, ते जीपवर बसवलेल्या तोफेनंच. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं त्यांना.

पण लढाई लांबची. आपल्या गावात जीप आली ती सरकार होऊन. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकासाची योजना सुरू झाली, तालुक्याला विकास अधिकारी आले. 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. बीडीओची जीप, आरोग्य खात्याची जीप, पाटबंधारेवाल्यांची जीप. लांबून धुरळा दिसला की पोरं पळत सुटायची, पुरुष टोपी सारखी करून चावडीकडं निघायचे, बायका दाराआड. गाडीत साहेब, ड्रायव्हर, मागं शिपाई, फार तर ग्रामसेवक. बाई दिसली तर ती नर्सबाई.

आता हा धुरळा कुठल्या रस्त्याचा, ते बघा. 1972 चा दुष्काळ आपल्या दौंड-शिरूरच्या थोरल्या बायकांना विचारा. भीमेच्या दोन्ही अंगांना दुष्काळी कामं निघाली होती. पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि रस्ते. खडी फोडायला बायका. पोर झाडाखाली झोळीत, डोक्यावर पदर, हातात हातोडी. मस्टरवर अंगठा, खायला सुकडी. आमच्या आजी तेव्हा विशीतल्या, नुकतं लग्न झालेलं. त्या सांगतात, खडीचे ढीग मोजायला साहेब जीपमधून यायचे. ढीग कमी भरला की पगार कमी. म्हणजे बायांनी फोडलेल्या दगडावरून जीप यायची आणि त्याच बायांचं माप काढून जायची. मला हे ऐकून राग आला. आजी म्हणाल्या, "राग कसला गं, त्याच पैशावर घर जगलं."

मग 1976. आणीबाणी. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे आकडे वरून ठरवून यायचे. मास्तर, ग्रामसेवक, नर्स, सगळ्यांच्या मानेवर ते आकडे. आपल्या राज्याच्या विधिमंडळानं तर त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पण गावात सही झाली का नाही हे कुणाला ठाऊक? जीपचा आवाज आला की माणसं उसात. आजींचे यजमान दोन रात्री रानात झोपले होते. त्या कडेवरचं पोर घेऊन, त्याच्या तोंडावर हात धरून ज्वारीत बसल्या होत्या. जीप वस्तीपर्यंत आली, उभी राहिली, गेली. कुणाला नेलं नाही. एवढंच. पण तो इंजिनचा आवाज त्यांच्या कानातून गेला नाही.

श्रीवर्धनच्या त्या खोलीत हे सांगताना त्यांनी दिवा घालवायला लावला होता.

पुढं जीपचा दरारा उतरला. पेट्रोल महागलं तसं लोकांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. सरकारी गाड्या लिलावात निघाल्या. 1985 च्या सुमाराला महिंद्राची एमएम 540 आली, ट्रॅक्स आली आणि जीप झाली वडाप. आठ जणांच्या गाडीत सोळा, टपावर शेळीची पिल्लं, ड्रायव्हरच्या उजव्या अंगालासुद्धा एक माणूस. नियमाला धरून नव्हतं, अपघातही झाले. पण एसटी चुकली तर बाजार गाठायचा कसा? रात्री बाळंतपणाला अडलेली बाई दवाखान्यात कशी न्यायची? माझा स्वतःचा जन्म वडापमधून नेलेल्या आईच्या पोटी झाला. त्यामुळं वडापला नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळते.

आणि आता जीप झालीय हौस. आमच्या गॅरेजवाल्या मुलासारखी पोरं पुण्याच्या जुन्या बाजारात दिवस दिवस बेअरिंगं शोधत फिरतात. 'लो बोनेट', 'हाय बोनेट' असं बोलतात, म्हणजे नाक बसकं का उंच. जाळीच्या फटी मोजून सांगतात: सात असतील तर लढाईनंतरची, लढाईतली असेल तर नऊ. सरकारनं 2021 मध्ये नियम केलाय, पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. पण मग ती रोज रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्तीपुरतीच. आमची जीप तेवढी म्हातारी नव्हती, म्हणून तर जाता आलं.

मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून श्रीवर्धन. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला फेरीबोट. रेवसपासून रेडीपर्यंत साधारण 500 किलोमीटरचा सागरी महामार्ग आखलाय, पण खाड्यांवरचे सगळे पूल अजून झालेले नाहीत, म्हणून गाडीसकट बोटीत चढायचं. समोर बाणकोटची खाडी, पलीकडं वेसवी. बोटीत सगळ्या खाली उतरल्या. वारा सुटला होता. आजी जीपजवळ गेल्या, बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग काय वाटलं कोण जाणे, पलीकडं उतरताना पुढच्या सीटवर चढून बसल्या. म्हणाल्या, "इथनं समदं दिसतंय की."

केळशी, आंजर्ले, मग मुरूड. मुरूड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. इथून ते पोरवयात परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला पायी गेले होते, आणि वयानं लहान दिसतोस म्हणून परत पाठवले गेले. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघितला. कोळणी पाण्यात उभ्या राहून बोली लावत होत्या. आमच्या खजिनदारबाई अर्धा तास हलल्याच नाहीत. मासे घेतले नाहीत, भाव मात्र सगळे वहीत लिहून आणले.

परतताना ताम्हिणीत जीप तापली. पाणी ओतेपर्यंत आजी कठड्याच्या कडेला बसल्या, रस्त्याच्या उकरलेल्या काठावरचा एक दगड उचलला, हातात फिरवला आणि म्हणाल्या, "मोठी फोडलीय. आमच्या टायमाला ही घेतली नसती." नंतर सपाटीला लागल्यावर, मोकळा रस्ता बघून, आमच्यातल्या लायसन असलेल्या एकुलत्या एक ताईनं स्टिअरिंग घेतलं. आजी शेजारीच होत्या. पौडपर्यंत उतरल्या नाहीत.

गेल्या बैठकीत आजींनी त्यांच्या नातसुनेसाठी अर्ज दिलाय. ड्रायव्हिंग शिकायला आणि लायसनला गटातून कर्ज हवंय. हे कर्ज उत्पन्नाचं धरायचं का हौसेचं, यावर आमच्यात वाद चाललाय. दोघींचा विरोध आहे. पुढची बैठक येत्या पाच तारखेला.