तळटीप २७ : चारातले सव्वातीनच

२७. ‘रॅम चार जीबी टाकली, दिसते सव्वातीनच’ : दुकानदाराने फसवल्याचा निवेदकाचा संशय निराधार आहे. तेव्हा घरोघरी असलेले विंडोज एक्सपी बहुधा ३२ बिटचे असे. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात, एका बाइटला एक. म्हणजे बरोबर ४ जीबी. पण हे सगळे पत्ते रॅमच्या वाट्याला येत नाहीत. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोसची चिप यांनाही प्रोसेसर याच पत्त्यांवरून गाठतो आणि त्यांच्यासाठी वरच्या टोकाचे पत्ते राखून ठेवलेले असतात. तिथली रॅम मशीनमध्ये असूनही बिनपत्त्याची राहते. हाती उरते ती साधारण ३ ते ३.५ जीबी. ३६ बिटांचे पत्ते देणारी ‘पीएई’ ही सोय इंटेलच्या पेंटियम प्रोमध्ये १९९५ पासूनच होती. तिने ६४ जीबीपर्यंत पोचता येई. मात्र घरगुती विंडोजवर मायक्रोसॉफ्टने ४ जीबीची मर्यादा कायम ठेवली, कारण त्यापुढचे पत्ते आले की अनेक ड्रायव्हर कोलमडत. (सर्व्हरच्या महागड्या आवृत्त्यांना ही अट नव्हती, हेही नोंदवायला हवे.) व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून, २००८ मध्ये, पडद्यावर बसवलेल्या रॅमचा पूर्ण आकडा दिसू लागला, वापरता येणारी तेवढीच राहिली. पुढच्या प्रकरणात निवेदक ६४ बिटचे विंडोज टाकतो, त्याने हा प्रश्न सुटतो. अर्थात मदरबोर्डला ‘मेमरी रिमॅप’ जमत असेल तरच.