काळ्या मातीला वजन चालत नाही

माळव्यातल्या धार, राजगढ, सरदारपूर या पट्ट्यात गाडीचा विषय निघाला की एक मत ठामपणे ऐकू येते. आडवाटेला जायचे तर गाडी जड हवी, इंजिन मोठे हवे, शक्यतो डिझेल हवे. छोटी पेट्रोल फोर-बाय-फोर म्हणजे शहरी हौस. हे मत मला चुकीचे वाटते. पण ते उथळ नाही, म्हणून आधी त्याचा आधार नीट मांडतो. वजन असले की चाक जमिनीला दाबून धरते, मोठे इंजिन चढावर दमत नाही, आणि ओढ्याच्या पाण्यात जड गाडी हलत नाही, असे हे तीनपदरी म्हणणे आहे.

पहिला पदर वजनाचा. कोरड्या चढावर चाकाची पकड वजनाच्या प्रमाणात वाढते, हे खरेच. पण गाडीला मागे खेचणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. हिशेबाच्या दोन्ही बाजूंनी वजन कटते आणि उरतो तो फक्त उताराचा कोन आणि टायर-दगडातले घर्षण. बाराशे किलोची गाडी जिथे घसरेल तिथे पावणेदोन टनांचीही घसरेल.

ओल्या काळ्या मातीत तर जडपणाचा पक्ष आणखी लंगडा पडतो. मातीकडून चाकाला मिळणारा आधार दोन वाटांनी येतो: कणांमधले घर्षण आणि कणांचा आपसातला चिकटपणा. घर्षणाचा वाटा वजनाबरोबर वाढतो. चिकटपणाचा वाटा टायरचा किती भाग जमिनीला टेकला आहे यावर ठरतो. अठराव्या शतकात कुलाँ या फ्रेंच अभियंत्याने हा नियम मांडला. विसाव्या शतकात मूळच्या पोलिश असलेल्या बेकर यांनी तो वाहनांना लावून स्वतंत्र शास्त्र उभे केले. पुढे चंद्रावर गेलेल्या रोव्हरच्या कामातही त्यांचा वाटा होता. वाळूत घर्षणाचे राज्य असते, म्हणून तिथे वजन निदान पकड तरी वाढवते. माळव्याची माती पाणी पिऊन फुगते आणि पूर्ण भिजली की घर्षण जवळजवळ संपते. उरतो तो चिकटपणा. अशा मातीत वाढीव वजन पकड देत नाही, चाक मात्र खोल रुतवते.

यावर कोणी म्हणेल, जड गाडीला टायरही मोठे असतात. बरोबर. बाराशे किलोच्या जिम्नीचा टायर 195 मिलिमीटर रुंदीचा आहे, पावणेदोन टनांच्या थारच्या वरच्या प्रकारांत तो 255 मिलिमीटरचा आणि व्यासानेही मोठा आहे. या टायरांनी थार आपल्या जादा वजनाची जवळपास पूर्ण भरपाई करते. पण भरपाईच, आघाडी नव्हे! एवढा खटाटोप करून ती हलक्या गाडीच्या बरोबरीला येते. आणि रुतल्यावर बरोबरीही संपते. हलकी गाडी दोरी, फळ्या आणि चार माणसे मिळून निघू शकते. जड गाडीसाठी बहुधा ट्रॅक्टरच शोधावा लागतो.

इंजिनाच्या पदराला इतिहासच उत्तर देतो. अमेरिकी सैन्याने 1940 मध्ये जीपची मागणी नोंदवली तेव्हा मूळ अट होती 1300 पौंडांची, म्हणजे 590 किलोची. ती कोणालाच पाळता आली नाही आणि मर्यादा वाढवावी लागली, पण हलकेपणाचा आग्रह जीपच्या जन्मातच होता. तिचे इंजिन साठ अश्वशक्तीचे होते. सुझुकीची पहिली जिम्नी 1970 मध्ये आली ती 359 सीसीचे इंजिन घेऊन. त्याच घराण्यातली एक सामुराई, अर्थात बरेच बदल केलेली, 2007 मध्ये चिलीतल्या ओहोस देल सालादो पर्वतावर 6,688 मीटरपर्यंत चढली. आपल्याकडे 1985 मध्ये आलेल्या जिप्सीने सैन्यात आणि कान्हा-पेंचच्या जंगलात काय केले, हे मध्य प्रदेशात कोणाला सांगायला नको. या सर्वांमागे ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेली दुसरी गिअरपेटी, आहे. लो रेंज टाकली की चाकाला मिळणारा जोर दीडपटीहून अधिक होतो. मग इंजिन दमण्याआधी चाक जागच्या जागी फिरू लागते. म्हणजे अडचण ताकदीची नसते, पकडीची असते.

पाण्याचा पदर मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण त्यावर विसंबून लोक भरल्या रपट्यावर गाडी घालतात. साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद तळ धरा. तळाला टेकलेले पाणी आणखी दहा सेंटिमीटर चढले की सुमारे सव्वापाचशे किलोची उचल मिळते. पावणेदोन टनांच्या गाडीचे जादा वजन साधारण तेवढेच आहे! महीच्या उपनद्यांना पावसात दहा सेंटिमीटर चढायला कितीसा वेळ लागतो? वाहत्या पाण्यासमोर दोन्ही गाड्यांनी थांबायचे.

खर्चाचेही बोलू. पाच दारांची जिम्नी जून 2023 मध्ये 12.74 लाखांपासून आली. ही किंमत स्वस्त म्हणवत नाही. कंपनी मॅन्युअलला लिटरमागे 16.94 किलोमीटर सांगते. हा आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा आहे, तेव्हा तेरा धरा. तरी चाळीस लिटरच्या टाकीत 520 किलोमीटर होतात. आडवाटेच्या सहलीतही बहुतेक अंतर इंदूर-अहमदाबाद महामार्गासारख्या डांबरावरच जाते, आणि तिथे प्रत्येक जादा किलो इंधन मागतो. बजेट कमी असेल तर सांगाडा न गंजलेली जुनी जिप्सी पाहावी. नव्या गाडीत रूपावर जाऊ नये: जानेवारी 2023 पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते, म्हणून गिअरजवळ 4L, म्हणजे लो रेंज, लिहिलेला दुसरा दांडा आहे ना, ते आधी बघावे.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. सरदारपूरचे अभयारण्य 1983 मध्ये तणमोरासाठी, इकडच्या खरमोरासाठी, राखले गेले. हा पक्षी नेमका पावसाळ्यात गवतात वीण करतो. त्या महिन्यांत माळावर कोणतीच गाडी उतरवू नये, हलकीसुद्धा. गाडवाटेवरही जड चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या मागाहून येणाऱ्या बैलगाडीला आणि मोटारसायकलला भोगाव्या लागतात.

सहा माणसे आणि तंबूचे सामान न्यायचे असेल, तर माझा युक्तिवाद थांबतो. जिम्नीत चारच जण बसतात आणि मागे सामानाला जागा बेताची. तेव्हा पाच दारांच्या गुरखासारखी मोठी गाडी घ्यावी. पण ती घ्यायची जागेसाठी. काळ्या मातीत वजन तारेल म्हणून नव्हे.