‘अ’च्या आधीचे पाच खंड

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी दरसाल एक वाद ठरलेला असतो. कपाटाचे वरचे दोन खण अडवून बसलेला केतकरांचा ज्ञानकोश ठेवावयाचा की काढावयाचा? माझे आजोबा त्याचे वर्गणीदार. २३ पैकी २२ खंड आमच्याकडे आहेत. चौथा कोणीतरी वाचावयास नेला, तो परत आलाच नाही. नातू म्हणतो, “आजोबा, हे सगळं फोनवर आहे.” त्याचे खोटे नाही. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने हा ज्ञानकोश नेटवर आणला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. यंदा वाद एकदाचा मिटवावा म्हणून मी पहिला खंड खाली काढला, आणि सफाई तिथेच थांबली.

श्रीधर व्यंकटेश केतकर १८८४ साली रायपूरला जन्मले, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले आणि १९११ साली डॉक्टर झाले. अशा माणसाने परत येऊन बरी नोकरी धरावी, की नाही? यांनी नागपुरात ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढली! साबणाची नव्हे, कापडाचीही नव्हे, ज्ञानाची. भाग विकून भांडवल जमवावयाचे आणि घरोघर हिंडून वर्गणीदार मिळवावयाचे. पुढे कचेरी पुण्यास आली आणि १९२० ते १९२९ या काळात सगळे खंड बाहेर पडले. मागे सरकार नाही, संस्थानिकाचा खजिना नाही. १९२० साली केतकरांनी एडिथ कोहन या जर्मनभाषी ज्यू विदुषीशी विवाह केला. त्या शीलवतीबाई झाल्या. विंटरनिट्झचा भारतीय वाङ्‌मयाचा जर्मन इतिहास इंग्रजीत आणला तो त्यांनीच. या संसारात ज्ञान मुबलक होते, पैसा नव्हता. १९३७ साली पुण्यात केतकर वारले, तेव्हा ते अवघे ५३ वर्षांचे होते.

पण मला थांबविले ते या हकिकतीने नव्हे, तर खंडांच्या मांडणीने. कोश म्हटला की तो ‘अ’पासून सुरू व्हावयाचा. केतकरांचा ‘अ’ उगवतो तो सहाव्या खंडात! त्याआधी पाच खंड नुसती प्रस्तावना : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. मग १६ खंड अकारविल्हे, बाविसावा सूचीचा आणि अखेरचा हिंदुस्थानाचा. ज्याने पैसे मोजले त्या वर्गणीदाराला अंक, अफू, अमेरिका हे शब्द पाहण्याची घाई असणार, आणि त्याच्या हाती पडली वेदविद्या. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता. मला मात्र त्यातच केतकरांचे मोठेपण दिसते. एडिंबरोला १७६८ साली सुरू झालेला ब्रिटानिका समोर होताच. त्याचे सरळ मराठी करून भागले असते. पण जग कोणत्या ओट्यावर बसून पाहावयाचे, हे आधी ठरवावे आणि मग शब्द उघडावेत, असा या माणसाचा हट्ट असावा. त्यांची सगळीच मते पटण्यासारखी नाहीत. काही तर आज वाचताना खटकतात. परंतु ती कोणाची, हे पुठ्ठ्यावर छापलेले आहे.

छापील कोश शिळा होतो, हे खरे. प्लूटोचा शोध १९३० साली लागला. म्हणजे आमच्या कपाटात नववा ग्रह येणे शक्यच नव्हते. शाळेत आम्ही नऊ ग्रह घोकले आणि कोशाला हसलो. २००६ साली शास्त्रज्ञांनी प्लूटोला पंक्तीतून उठविले. कोश बिचारा न हलता पुन्हा बरोबर ठरला!

केतकरांच्या हाताखाली तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दात्यांनी चिं. ग. कर्व्यांसह महाराष्ट्र शब्दकोश रचला, सुलभ विश्वकोश काढला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी आरंभिलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली पुरा झाला. त्याच्या तीन वर्षे आधीच ब्रिटानिकाने छपाई थांबविल्याचे जाहीर केले होते, आणि मराठी विकिपीडिया तर २००३ पासून चालू होता. विश्वकोशही नेटवर आला. आता चूक सापडली की तासाभरात दुरुस्त होते. केतकरांना हे मिळते तर त्यांनी आनंदाने उडीच मारली असती.

नातवाला मी म्हटले, “तुझ्या फोनला विचार, जग कुठून पाहू?” तो हसला. “आजोबा, शब्द सांगा ना. शब्दाशिवाय काय शोधू?” मी त्याला पहिले पाच खंड दाखविले. त्याने चौथ्याची रिकामी जागा पाहिली आणि काही न बोलता फोनवर बोटे फिरविली. दोन मिनिटांत ‘बुद्धोत्तर जग’ माझ्या हातात होते.

रद्दीवाल्याला जुनी वर्तमानपत्रे दिली. खंड वर चढले. रात्री फराळाच्या डब्याशेजारी बसून मी फोनमधला चौथा खंड वाचीत होतो, बॅटरी संपली तेव्हा नातू चार्जर घेऊन आला आणि शेजारी बसून म्हणाला, “मोठ्याने वाचा.”