लपवलेला गळ: कल्याणीचा राजा, टेक्सासचं गांडूळ आणि आपला नाथसागर

आजचा प्रश्न ऐकायला एकदम साधा आहे. गळाला आमिष लावायचं कसं? हसू नका, माणूस हजारो वर्षं यावर डोकं लढवतोय.

अडचण काय आहे बघा. गळाचं टोक धारदार हवं, नाहीतर मासा निसटतो. पण तेच टोक पाणगवतात आणि बुडालेल्या फांद्यांतही अडकतं. आणि मोठा मासा तर तिथेच दबा धरून बसलेला असतो. मासा निसटू नये याचं उत्तर जुनं आहे. हडप्पा संस्कृतीतल्या तांब्याच्या काही गळांना आतल्या बाजूला उलटा काटा आहे. गवतात अडकू नये याचं उत्तर मिळायला मात्र खूप वेळ लागला.

आता आपल्या भागात येऊ. बाराव्या शतकात कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. पुढे देवगिरीवरून राज्य करणारे यादव तेव्हा त्यांचे मांडलिक होते. तिथल्या राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण 1129 सालचा. एकूण 100 प्रकरणं. स्वयंपाक, हत्ती, संगीत, सगळं आहे, आणि त्यातच ‘मत्स्यविनोद’ म्हणजे गळाने मासे धरण्याची करमणूक. माशांचे पस्तीसेक प्रकार, समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, कोणाला काय खाऊ घालायचं, अशी माहिती त्यात आहे. 1951 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर सविस्तर लिहिलं.

माझं मत विचाराल तर ही माहिती राजाला महालात बसून मिळालेली नसणार. ती पाण्यावर पोट असलेल्यांची असणार. पण ग्रंथावर नाव राजाचं राहिलं.

आता थेट 1949 सालात, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम आणि त्याची बायको कॉस्मा यांनी खऱ्या गांडुळाचा साचा केला. व्हिनाइल, तेल आणि रंग शेगडीवर शिजवून त्यात ओतले. त्याआधी रबराची गांडुळं होती, पण ती कडक. हे मऊ होतं, पाण्यात खऱ्यासारखं वळवळायचं. पुढे त्यांचा धंदा टेक्सासमधल्या टायलर गावी गेला.

टेक्सासमध्ये तेव्हा धरणांमागे मोठमोठे तलाव तयार होत होते. झाडं पाण्याखाली उभीच्या उभी बुडालेली, आणि त्यांच्या आडोशाला बास नावाचा शिकारी मासा. तिथे जी पद्धत रुळली तिला ‘टेक्सास रिग’ म्हणतात. आधी दोरीत बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार शिसं ओवायचं, मग गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून थोडं आत घालून बाजूने बाहेर काढायचं. गळ ओढून फिरवायचा आणि टोक परत गांडुळाच्या अंगात रुतवायचं. गांडूळ सरळ राहिलं पाहिजे, वाकडं बसलं तर पाण्यात गरगर फिरतं आणि दोरीला पीळ पडतो. आता टोक लपलं, त्यामुळे फांदीत अडकत नाही. माशाने चावून धरलं आणि आपण हिसका दिला की मऊ प्लास्टिक फाडून टोक बाहेर येतं.

टेक्सासचा सॅम रेबर्न तलाव 1965 मध्ये भरायला लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लालबहादूर शास्त्रींनी पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं आणि आपल्याला नाथसागर मिळाला. बास हा आपल्या नद्यांमधला मासा नाही. पण गवताच्या आडोशाला राहून झडप घालणारा मरळ आपल्याकडे आहेच. आज मरळसाठी ऑनलाइन मिळणारा मऊ प्लास्टिकचा बेडूक बघा. त्याचे दोन गळ अंगाला चिकटून लपलेले असतात. युक्ती तीच.

फरक फक्त एका गोष्टीचा आहे. खरं गांडूळ तुटून पाण्यात पडलं तर कुजतं, नाहीतर कोणीतरी खातं. प्लास्टिकचं तसंच पडून राहतं. उत्तर अमेरिकेतल्या तलावांत माशांच्या पोटात अशी गांडुळं सापडली आहेत. मेन राज्यात 2013 मध्ये बंदीचं विधेयकही आलं होतं, बंदी मात्र झाली नाही.

आणि नाथसागर हा नुसता तलाव नाही. तो पक्षी अभयारण्य आहे, भोई मंडळींचं पोट त्यावर आहे, आणि आपल्या शहराच्या नळाला येणारं पाणी तिथलंच आहे. गळ टाकायचाच असेल तर जिथे परवानगी आहे तिथेच टाका. आणि तुटलेलं प्लास्टिक खिशात घालून घरी आणा. टोक लपवण्याची युक्ती माणसाला सापडली, पण पाण्यात टाकलेलं प्लास्टिक लपत नाही.

तुमच्या गावात गळाला काय लावतात? कणीक, गांडूळ, की आणखी काही? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. राजाच्या ग्रंथात ज्यांची नावं आली नाहीत, त्यांचं ज्ञान निदान आपल्या फोनमध्ये तरी राहू द्या. भेटू पुढच्या भागात!